दोन धावा आणि एक रात्र

दिवाळी होऊन आठवडा लोटला होता, तरी परळच्या आमच्या चाळीतील गॅलरीतले कंदील अजून उतरले नव्हते. १९ नोव्हेंबर २०२३ चा तो रविवार. अहमदाबादेत विश्वचषकाचा अंतिम सामना होता. सलग दहा सामने जिंकून भारतीय संघ तिथवर पोहोचला होता आणि अकरावा जिंकणारच, या खात्रीने खालच्या मंडळाच्या पोरांनी ढोलताशा आधीच काढून ठेवला होता. रात्री साडेनऊच्या सुमारास ताशावर पुन्हा कापड पडले. भारताच्या २४० धावा ऑस्ट्रेलियाने चार गडी गमावून, सात षटके राखून पार केल्या होत्या.

दूरदर्शन संच बंद झाले, पण सामना बंद झाला नाही. तो आता गॅलरीत सुरू झाला. रोहितने ४७ धावांवर तो उंच फटका मारायलाच नको होता. पहिल्या दहा षटकांनंतर पुढच्या चाळीस षटकांत जेमतेम चार चौकार, याला काय खेळणे म्हणायचे? सूर्यकुमारला आधी पाठवायला हवे होते. ४७ धावांत त्यांचे तीन गडी टिपले होते, तेव्हाच आणखी क्षेत्ररक्षक जवळ आणायला हवे होते. प्रत्येक खोलीत एक कर्णधार होता आणि प्रत्येकाकडे सामना जिंकण्याचा एक हमखास मार्ग होता.

माझे वडील खुर्चीत शांत बसून ऐकत होते. गिरणीच्या साचेखात्यात उभी हयात घालवलेला माणूस. वय तेव्हा ब्याऐंशी. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हे काहीच नाही. आम्ही दोन धावांनी हरलो होतो."

मग त्यांनी ती गोष्ट सांगायला घेतली. मी ती शेकडो वेळा ऐकलेली होती. त्या रात्री मात्र ती निराळ्या ठिकाणी जाऊन संपली. म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला.

७ मे १९९१, वानखेडे

रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध हरियाणा. आज ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे अशा मुंबईकरांना त्याची आठवण करून द्यावी लागत नाही. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईकडे होता. पुढेही तो घरी येत-जात राहिला. पण १९८४-८५ नंतर सहा वर्षे आलाच नव्हता. गिरणगावाने तोवर १९८२ चा संप पाहिला होता. भोंगे मुके झाले होते, अनेक घरांतल्या चुली मंदावल्या होत्या. अशा वेळी मुंबईचा संघ हा आपल्या मोजक्या शाबूत वैभवांपैकी एक, अशी इथल्या माणसांची भावना होती.

हरियाणाने पहिल्या डावात ५२२ धावा केल्या, मुंबईने ४१०. कपिल देव यांच्या संघाने दुसऱ्या डावात २४२ केल्या आणि शेवटच्या दिवशी मुंबईपुढे ३५५ धावांचे लक्ष्य उभे राहिले. ३४ धावांत तीन गडी बाद झाले. सचिन तेंडुलकरला अठरा वर्षे पुरी होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. त्याने ९६ धावा तडकावल्या. दुसऱ्या बाजूला दादर युनियनचे दिलीप वेंगसरकर उभे होते.

बाबा पहिली पाळी संपवून तसेच एल्फिन्स्टन रोडला गाडीत चढले आणि चर्चगेटला उतरून मैदानावर पोहोचले. नऊ गडी बाद झाले तेव्हा मुंबईच्या ३०५ धावा झाल्या होत्या, म्हणजे पन्नास हव्या होत्या आणि सोबतीला होता अकराव्या क्रमांकाचा अबे कुरुविला. वेंगसरकरांच्या पायात गोळे आले होते. त्यांच्यासाठी लालचंद राजपूत धावत होते. तरीही त्या जोडीने ४७ धावा जोडल्या. तीन हव्या असताना एक चोरटी धाव घेण्याचा प्रयत्न झाला आणि कुरुविला धावबाद झाला. मुंबई सर्वबाद ३५२. हरियाणाने आपला पहिला रणजी करंडक जिंकला. वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिले आणि मैदानावरच रडले.

"ती धाव घ्यायला नको होती," बाबा म्हणाले. गेली बत्तीस वर्षे ते हेच म्हणत आले आहेत. कधी 'ती धाव' असते, कधी 'दोन षटके आधीचा तो चेंडू'. कधी ते आणखी मागे, पहिल्या डावापर्यंत जातात आणि तिथे कुणी दोन धावा सोडल्या ते शोधतात. पाच दिवसांच्या सामन्यात दोनच धावा शोधायच्या तर त्या कुठेही सापडतात.

थोडक्यात हुकलेले अधिक का सलते?

डावाने झालेला पराभव माणूस महिन्याभरात विसरतो. दोन धावांचा पराभव तीस वर्षे पुरतो. यामागे मनाची एक सरळ रीत आहे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी ती एका साध्या प्रश्नातून दाखवली होती. दोन प्रवाशांचे विमान चुकले. एकाचे अर्ध्या तासाने, दुसऱ्याचे पाच मिनिटांनी. अधिक हळहळ कुणाला वाटेल? जवळजवळ सगळ्यांनी दुसऱ्याचे नाव घेतले. नुकसान दोघांचे सारखेच. पण दुसऱ्याला 'गाडी मिळालेली' अशी कल्पना सहज करता येते. फलाटावर पोहोचताच सुटणारी लोकल आपल्यालाही हेच शिकवते.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील खेळाडूंच्या चेहऱ्यांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. रौप्यपदक विजेत्यांपेक्षा कांस्यपदक विजेते अधिक आनंदी दिसत होते. रौप्यवाल्याच्या मनात हुकलेले सुवर्ण असते. कांस्यवाल्याच्या मनात 'पदकाविना परतलो असतो' हा विचार असतो. आपल्या वाट्याला काय आले यापेक्षा, काय येता येता राहिले यावर मन अधिक रेंगाळते.

दुसरी गोष्ट पश्चात्‌बुद्धीची. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रुथ बेथ यांनी इस्रायलमधील विद्यार्थ्यांना विचारले होते की अमुक घटना घडण्याची शक्यता किती वाटते. दौरे झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना त्यांचेच आधीचे अंदाज आठवायला सांगितले. जे प्रत्यक्ष घडले त्याबद्दल 'आम्हाला आधीच बरीच खात्री होती' असे त्यांना आठवू लागले. खरे तर तशी खात्री त्यांनी नोंदवलेली नव्हती. हे खोटे बोलणे नाही. उत्तर कळल्यावर स्मृती स्वतःच आपली जुनी पाने दुरुस्त करून ठेवते. रोहितचा फटका सीमापार गेला असता तर आमच्या गॅलरीतील प्रत्येकाने 'असाच खेळायला हवा होता' असे म्हटले असते आणि तेही तितक्याच खात्रीने.

तिसरी गोष्ट या दोहोंहून महत्त्वाची. अमेरिकन फुटबॉलच्या २०१५ च्या अंतिम सामन्यात सिएटलचा संघ चार गुणांनी मागे होता. अर्धे मिनिटही उरले नव्हते आणि चेंडू रेषेपासून अवघ्या एका यार्डावर होता. त्यांच्याकडे धडक मारून धावणारा बलदंड खेळाडू होता. प्रशिक्षकांनी त्याच्या हाती चेंडू देण्याऐवजी तो फेकण्याचा डाव निवडला. प्रतिस्पर्ध्याने चेंडू मध्येच झेलला आणि अजिंक्यपद गेले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी त्या निर्णयाला इतिहासातील वाईट निर्णयांत बसवले. पुढे काही जाणकारांनी शांतपणे हिशेब मांडला तेव्हा ध्यानात आले की घड्याळ आणि उरलेल्या संधी पाहता तो डाव अविचारी नव्हता. अशा जागी फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडणे फार विरळ असते. निर्णय ठीक असूनही निकाल वाईट लागला होता. लोकांनी निकालावरून निर्णयाला गुण दिले.

हीच चूक माणसे रुग्णालयाच्या बाबतीतही करतात. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये लोकांपुढे शस्त्रक्रियेच्या निर्णयांची उदाहरणे ठेवली. रुग्ण तोच, धोका तोच, डॉक्टरांपुढची माहितीही तीच. फक्त शेवट बदललेला. रुग्ण वाचला असे वाचलेल्यांना डॉक्टरांचा निर्णय चांगला वाटला. दगावला असे वाचलेल्यांना तोच निर्णय वाईट वाटला.

या प्रयोगाची आठवण मला पुढच्या प्रसंगाने करून दिली.

दहा मिनिटांवरचे रुग्णालय

सामन्याची गोष्ट संपली, गॅलरी रिकामी झाली. मी बाबांच्या रात्रीच्या गोळ्या काढत होते. ते म्हणाले, "बाय, साडेदहाला टॅक्सी केली असती तर?"

मला वाटले, वानखेडेहून परतण्याबद्दल बोलत आहेत. पण ते १९९१ बद्दल बोलत नव्हते. ते २०२२ च्या एका रात्रीबद्दल बोलत होते.

त्या रात्री जेवणानंतर आईला पोटाच्या वरच्या भागात जळजळ होऊ लागली, थोडी मळमळ आणि अंगाला ओलसर घाम. वीस वर्षांचा मधुमेह. ती स्वतःच म्हणाली, "पित्त उसळलंय. मला झोपू द्या." बाबांनी आल्याचा रस दिला. मी तिची पाठ चोळली. बारानंतर तिला डोळा लागला, असे आम्हाला वाटले. पहाटे तिला श्वास पुरेना, तेव्हा आम्ही तिला उचलून नेले. तो हृदयविकाराचा झटका होता आणि आदल्या रात्रीच सुरू झाला होता. तिसऱ्या दिवशी ती गेली.

परळमध्ये राहणाऱ्या माणसाला हे अधिक टोचते. १९२६ पासून केईएम इथे उभे आहे, टाटा रुग्णालय इथे आहे, वाडिया इथे आहे. विदर्भ-मराठवाड्यातून, बिहार-बंगालमधून माणसे दोन-दोन दिवसांचा प्रवास करून येतात, पदपथावर पथारी टाकून नंबर लागण्याची वाट पाहतात. आणि आम्ही, ज्यांच्या खिडकीतून रुग्णवाहिकेचा आवाज रोज ऐकू येतो, दहा मिनिटांचे अंतर काटण्यासाठी सकाळची वाट पाहिली.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की आई गेल्यापासून बाबा ती सामन्याची गोष्ट अधिक वेळा का सांगत होते. जिचा दोष स्वतःवर येत नाही अशा एका पराभवाच्या आडोशाला ते दुसऱ्या पराभवाचा हिशेब करत होते. 'ती धाव घ्यायला नको होती' हे वाक्य मोठ्याने म्हणता येत होते. दुसरे वाक्य दीड वर्ष घशातच राहिले होते.

आणि खरे सांगायचे तर तो हिशेब मीही करत होते. पाठ तर मीच चोळत होते.

जेव्हा निर्णय घेतला, तेव्हा हातात काय होते?

त्या रात्री मी बाबांना 'आता सोडून द्या' असे म्हटले नाही. एक वही घेतली आणि दोघांनी मिळून दोन रकाने केले. पहिल्या रकान्यात रात्री साडेदहाला आम्हाला जे ठाऊक होते ते: जळजळ, मळमळ, घाम, तिचे स्वतःचे म्हणणे, पूर्वी अनेकदा असेच पित्त होऊन सकाळी बरे वाटल्याचा अनुभव. दुसऱ्या रकान्यात नंतर कळलेले: झटका छातीत न दुखताही येतो, मधुमेहींमध्ये, वृद्धांमध्ये आणि विशेषतः स्त्रियांमध्ये त्याची लक्षणे पित्तासारखी, थकव्यासारखी किंवा नुसत्या धापेसारखी असू शकतात.

बाबा बराच वेळ त्या दोन रकान्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हे दुसरं, आपल्याला तेव्हा माहीत नव्हतं."

नव्हते. पहिल्या रकान्यावर उभे राहून घेतलेल्या निर्णयाला आपण दुसऱ्या रकान्याच्या उजेडात गुन्हेगार ठरवत होतो. याचा अर्थ शिकण्यासारखे काही नव्हते असा नाही. शिकण्यासारखे पुष्कळ होते. पण ते पुढच्या रात्रीसाठी होते, मागच्या रात्रीसाठी नव्हते. खंत आणि धडा यांतला फरक इतकाच, की खंत मागच्या चेंडूवर अडून बसते आणि धडा पुढच्या चेंडूची तयारी करतो.

आमच्या दाराच्या आतल्या बाजूला आता एक पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: छातीत दाब, जबडा-खांदा-हात किंवा पाठ दुखणे, गार घाम, अचानक धाप, वेगळीच मळमळ किंवा कधी न जाणवलेला थकवा, यांपैकी काहीही झाले आणि विश्रांती घेऊन काही मिनिटांत गेले नाही, तर सकाळची वाट पाहायची नाही, १०८ ला दूरध्वनी करायचा. खाली बाबांच्या गोळ्यांची यादी, रक्तगट, जुन्या तपासण्यांची पिशवी कुठे आहे ते आणि शेजारच्या दोन घरांचे क्रमांक. प्रत्येक ज्येष्ठाच्या घरी असा पुठ्ठा असावा, एवढे तरी हा लेख वाचून व्हावे.

सामना आणि हृदय

खेळ पाहण्याचा शरीरावर परिणाम होतो का, असे अनेक वाचक विचारतील. होतो. २००६ मध्ये जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला, तेव्हा म्युनिक परिसरातील हृदयविकाराच्या तातडीच्या प्रसंगांची नोंद संशोधकांनी तपासली. जर्मन संघाच्या सामन्याच्या दिवशी असे प्रसंग एरवीच्या २.६६ पट होते, पुरुषांमध्ये ३.२६ पट, स्त्रियांमध्ये १.८२ पट. सर्वाधिक प्रसंग सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत घडले. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांच्यात ही वाढ अधिक होती. ३० जून १९९८ रोजी इंग्लंडचा संघ अर्जेंटिनाकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरला. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस इंग्लंडमधील रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या २५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले.

त्यामुळे ज्येष्ठांनी सामना पाहूच नये असा अर्थ कुणी काढू नये. आनंदाची इतकी हक्काची जागा हिरावून घेणे हेही अनारोग्यच. थोडी शिस्त मात्र हवी.

सामन्याच्या दिवशी रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या आणि जेवण यांची वेळ चुकवू नये. 'हे षटक संपू दे' म्हणता म्हणता गोळी राहते. शक्यतो एकट्याने पाहू नये. दर तासाने उठून गॅलरीत चार फेऱ्या माराव्यात, पाणी प्यावे. फरसाण, वेफर्स, सिगारेट आणि मद्य या चौघांना त्या दिवशी घरी बोलावू नये. छातीत धडधड वाढली, जड वाटू लागले तर संच बंद करावा आणि तरीही ते थांबले नाही तर मदत मागण्यास संकोच करू नये. 'शेवटची दोनच षटके राहिली आहेत' हे कारण चालणार नाही. सामना हरल्यावर त्याच रात्री तीच क्षणचित्रे भ्रमणध्वनीवर पुन्हा पुन्हा पाहू नयेत. झोपण्यापूर्वीचा एक तास खेळाविना जाऊ द्यावा.

काळजीवाहकांसाठी

घरातील वृद्ध जुन्या पराभवाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात तेव्हा आपण बहुधा दोन वाक्यांपैकी एक बोलतो: 'अहो, खेळच तो!' किंवा 'किती वेळा सांगाल?' दोन्ही वाक्ये दार बंद करतात. त्याऐवजी ती गोष्ट कोणत्या प्रकारची आहे ते आधी ओळखावे.

एक प्रकार स्मरणरंजनाचा. सांगताना चेहरा उजळतो, नावे आठवतात, मैदानाचा वास येतो, गोष्ट पुढे सरकते. हे आरोग्यदायी आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींना कालची गोष्ट आठवत नाही, पण तरुणपणीचा सामना पुष्कळदा आठवतो. स्कॉटलंडमध्ये अल्झायमरविषयी काम करणारी संस्था आणि तेथील फुटबॉल संग्रहालय मिळून अशा व्यक्तींसाठी जुन्या सामन्यांच्या आठवणींचे मेळ भरवतात. आपल्याकडे त्यासाठी चाळीची गॅलरी आहे, उद्यानातला कट्टा आहे, जुन्या छायाचित्रांचे डबे आहेत. अशा वेळी ऐकावे, प्रश्न विचारावेत, 'मग कपिलने काय केले?' असे म्हणून गोष्टीला वाट द्यावी.

दुसरा प्रकार घोळत राहण्याचा. गोष्ट पुढे जात नाही. एकाच वाक्यावर येऊन थांबते आणि ते वाक्य बहुधा 'जर' ने सुरू होते. चेहरा उतरतो, झोप उडते. सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञांनी अशा मनातल्या मनात घोळण्याचा दीर्घ अभ्यास केला. ते नैराश्याला खतपाणी घालते, असे त्यांनी दाखवून दिले. अशा वेळी घाईने समजूत घालण्यापेक्षा हळूच विचारावे, "तुम्हाला आणखी कशाची आठवण येते का?" उत्तर आलेच तर मध्ये बोलू नये. ते एकदा पूर्ण बाहेर येऊ द्यावे. मग, त्याच दिवशी नव्हे तर योग्य वेळी, दोन रकान्यांची वही काढावी. आणि त्यातून जो धडा निघेल तो दोघांनी मिळून कृतीत आणावा, मग तो दारावरचा पुठ्ठा असो की वार्षिक तपासणीची तारीख.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक उडाली असेल, माणूस स्वतःला सतत दोष देत असेल किंवा 'जगून काय करायचे' असे बोलत असेल, तर तो वयाचा भाग समजू नये, डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४५६७ हा आहे.

काळजी घेणाऱ्यांनी एक गोष्ट स्वतःसाठीही लक्षात ठेवावी. रोज दहा निर्णय घेणारा माणूस कधीतरी एक असा घेईल, ज्याचा निकाल मनासारखा लागणार नाही. त्या दिवशी उरलेल्या नऊ निर्णयांची धावसंख्या फळ्यावर दिसत नाही. ती आपणच आठवावी. आईचा वीस वर्षांचा मधुमेह, तिच्या पायांची रोजची तपासणी, पहाटेचे इन्सुलिन, पथ्याच्या भाकऱ्या, हे सारे बाबांनी आणि मी मिळून सांभाळले होते. एका रात्रीने तो सगळा डाव पुसला जात नाही.

शेवटचा चेंडू

मुंबईने तो रणजी करंडक पुन्हा जिंकला, तीनच वर्षांनी, १९९३-९४ मध्ये. बाबा ही गोष्ट कधी सांगत नसत. परवा मी मुद्दाम आठवण करून दिली. ते हसले. "जिंकलेल्या सामन्याचं काय सांगायचं? त्यात शोधायला काही उरत नाही."

अजूनही एखाद्या संध्याकाळी ते वानखेडेवर जातात. पन्नास धावा हव्या असतात, शेवटची जोडी मैदानात असते, कर्नल लंगडत उभे असतात. मी समोर बसून ऐकते. हल्ली मात्र ते धावबादवर थांबत नाहीत. सामना संपल्यावर चर्चगेटहून गाडी पकडून ते रात्री घरी परतले, तेव्हा आई जेवायची थांबली होती. ती म्हणाली होती, "हरलात ना? हात-पाय धुवा आधी. भात गरम करते."

गोष्ट आता तिथे संपते.